प्रयागबाईंची साक्ष

वाडी, नागपूर
१० मार्च २०२५

प्रिय सिंधूआत्या,
सलाम.

तुझ्या कानांचं आणि फोनचं कधी जमलंच नाही, म्हणून पत्र. तसंही ही बातमी ओरडून सांगण्यासारखी नाही, बसून सांगण्यासारखी आहे.

आमच्या गोदामावर रुपरावजी म्हणून चौकीदार आहेत. काटोलकडचे, शेती भावाकडे देऊन बायकोच्या इलाजासाठी इथे आलेले. आमच्याच चाळीत शेजारची खोली त्यांची. त्यांच्या बायकोला, प्रयागबाईंना, तरुणपणापासून फिट येतात. धंतोलीतल्या डॉक्टरांची औषधं चालू, पण महिन्यातून एकदा तरी बाई कोसळायच्याच. हिवाळ्यात एकदा मी आणि मिनल त्यांच्याकडे प्रार्थनेला बसलो. मग रोजच बसू लागलो. आणि आत्या, नाताळापासून एकही फिट नाही!

काल ईस्टरआधीच्या उपासकाळातला पहिला रविवार. आमच्या चर्चमध्ये पाळक मधुकररावांनी उपदेश माझ्याकडे दिला होता. विषय पेत्राचा. मी म्हटलं, प्रभूनं आपल्यासाठी केलेलं चार लोकांसमोर बोलायला जो कचरतो, तो येशूला पकडलं त्या रात्री अंगणात शेकोटीपाशी हात शेकत, 'मी याला ओळखत नाही' म्हणून कोंबडा आरवायच्या आत त्याला तीनदा नाकारणारा शिष्य पेत्रच. बोलता बोलता माझी नजर प्रयागबाईंवर गेली आणि काय झालं कोण जाणे, मी त्यांना उठवलंच. साक्ष द्यायला सांगितलं. बाई पदर सावरत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मले लय वर्सं फिट येत होती. या पोरानं प्रार्थना केली. प्रभूनं मले बरं केलं." बस, एवढंच. पण अख्खी मंडळी रडली. कोणीतरी मोबाइलवर घेतलंय, ते आता साऱ्या ग्रुपवर फिरतंय.

मधुकरराव म्हणाले, ईस्टरला बाहेरच्या मंडळ्यांचे पाहुणे येतील, तेव्हा हीच साक्ष पुन्हा ठेवू. आणि हळूच हेही म्हणाले, की सहायक पाळकासाठी त्यांच्या मनात माझंच नाव आहे. माझ्या आईनंतर तू वाढवलंस, म्हणून तुला पहिल्यांदा सांगतोय.

तुझा
पियुष

---

पुलगाव
१५ मार्च २०२५

प्रिय पियुष,
प्रभूच्या नावानं सलाम.

पत्र तीनदा वाचलं. शेजारच्या गार्गीनं मोबाइलवर ती साक्षही दाखवली. ऐकू काही आलं नाही, पण बाईंचा चेहरा पाहिला. भोळी बाई आहे. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मी वॉर्डन होते त्या होस्टेलच्या नाटकात तू लहानपणी पेत्र झाला होतास, आठवतं? दुसऱ्याचेही संवाद तूच म्हणून टाकायचास. तुझं उचलली जीभ लावली टाळ्याला अजून गेलेलं नाही. पेत्रही तसाच, बोलायला पहिला आणि बुडायलाही पहिला. पण येशूकडे पाण्यावरून चालत जायला पाय टाकायची हिंमत बाकीच्या शिष्यांत नव्हती, हेही खरं. म्हणून तुझं कौतुक आहेच.

मात्र एक विचारते. त्या बाईंच्या गोळ्या चालू आहेत ना? होस्टेलात माझ्याकडे अशी एक मुलगी होती, म्हणून मनात आलं. बाकी काही नाही. मिनलला सांग, कुरडया पाठवते आहे.

सिंधूआत्या

---

वाडी
२४ मार्च २०२५

प्रिय आत्या,
सलाम. कुरडया पोचल्या, संपल्या.

इथे दिवस कसे चाललेत विचारू नकोस. मिहानकडच्या एका चर्चच्या मंडळीनं बोलावलं होतं. प्रयागबाईंना घेऊन गेलो. खचाखच भरलेला हॉल. बाई आता पूर्वीपेक्षा धीटपणे बोलतात, माझ्या उपदेशातलं पेत्राचं वाक्यही त्यांनी घेतलं. लोक रांगेनं येऊन माझ्या पाया पडायला लागले. मी अडवलं. म्हणजे, पहिल्या दोघातिघांना जमलं नाही अडवायला.

गोदामातला साहेबही आता "पाळकसाहेब" म्हणून हाक मारतो. मधुकररावांनी ईस्टरसाठी माईकवाला ठरवलाय. रुपरावजी बिचारे साधे. ते प्रार्थनेला मागे बसतात, डोळे मिटत नाहीत, बायकोकडे बघत राहतात. परवा म्हणाले, "पियुषभाऊ, तुमचे उपकार कसे फेडू?" मी म्हटलं, प्रभूचे माना.

गोळ्यांचं तू विचारलंस. ती त्यांच्या घरची गोष्ट आहे आत्या, मी त्यात कसा पडणार? डॉक्टर आहेत की.

घाईत,
पियुष

---

पुलगाव
२९ मार्च २०२५

पियुष,

तुझं पत्र मिळालं तशीच लिहायला बसले.

माईकवाला कोण, हॉल केवढा, पाया कोण पडलं, सगळं लिहिलंस. मी विचारलं एकच, त्याला मात्र बगल दिलीस. बाईच्या घरात जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवताना घरची गोष्ट नव्हती, आणि गोळीचं विचारताना झाली? तुला मी ओळखते. तुला उत्तर माहीत नाही असं नाही, तू विचारायला घाबरतो आहेस.

माझ्याकडची ती मुलगी, तिच्या बापानं एका बाबाच्या सांगण्यावरून औषध बंद केलं होतं. सुट्टीवरून ती परत आलीच नाही. तिची ट्रंक मी माझ्या हातानं बांधून पाठवली.

पत्र खाली ठेव आणि शेजारच्या खोलीत जा. आज जा.

सिंधूआत्या

---

वाडी
७ एप्रिल २०२५

आदरणीय आत्याबाई,
सलाम.

मी मिनल. तुमच्या मुलाला न सांगता लिहिते आहे. तुमचं पत्र त्यांनी वाचलं, घडी केली, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि कामावर गेले. रोज ते तसंच खिशात घेऊन जातात. शेजारच्या खोलीत गेले नाहीत.

त्यांना माहीत आहे, आत्याबाई. मीच सांगितलं. नळावर प्रयागबाई मला म्हणाल्या होत्या, "मी गोळ्या सोडल्या वं. चार लोकायत सांगतलं का प्रभूनं मले बरं केलं. आता घरी येऊन गोळी खाल्ली तं नाकारल्यासारखंच झालं ना. त्या पेत्रावानी." नवऱ्यासमोर त्या रोज गोळी काढतात, तोंडाशी नेतात आणि पदरात टाकतात. रुपरावजींना यातलं काहीच माहीत नाही. मी खूप समजावलं. त्या हसून म्हणाल्या, "पियुषबापूनं सांगतलं तं खाईन."

म्हणजे ह्यांच्या एका शब्दाचं काम होतं. मी घरी येऊन सांगितलं तर ह्यांचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाले, "ईस्टर होऊ दे. दोन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. एवढे दिवस काही झालं नाही ना?" मी म्हटलं, काही झालं तर? ते म्हणाले, "तू काहून अशुभ बोलून राहिली?"

आता शेजारी भांडं पडलं तरी ते ताटावरून उठून दारात जातात. मीही. परवा त्यांच्या खोलीतून काहीच आवाज येईना, तर आम्ही दोघं भिंतीला कान लावून उभे होतो. प्रयागबाई आत नुसत्या तांदूळ निवडत होत्या.

रुपरावजींना मी सांगायला हवं होतं. पण नवऱ्याला खोटं पाडायची हिंमत होत नाही. ह्यांना तुमच्याशिवाय कोणी बोलू शकत नाही.

तुमची
मिनल

---

धंतोली, नागपूर
१२ एप्रिल २०२५

आत्या,

तुमच्या गल्लीतला गोविंदा रोज रेल्वेनं नागपूरला अपडाऊन करतो, हे आठवलं म्हणून पत्र त्याच्या हाती देतोय. डाकेनं उशीर होईल.

काल सकाळी प्रयागबाई नळावर पडल्या. एक फिट संपायच्या आत दुसरी, मग तिसरी. थांबेचना. गोदामाच्या टेम्पोत घालून आणलं. रुपरावजींनी त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि दुपट्ट्यानं तोंडाचा फेस पुसत होते. रस्ताभर एकच म्हणत होते, "प्रयाग, घरी जाऊ, घरी जाऊ." मी समोर बसलो होतो. मला प्रार्थना सुचली नाही.

डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळ्या नियमित चालू होत्या? रुपरावजी म्हणाले, "हो जी, रोज माह्यासमोर खाते." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही घरचे? मी म्हटलं, शेजारी. यांच्या औषधांबद्दल काही माहिती आहे? मी म्हटलं, नाही.

नंतर नर्सनं कागद भरताना पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. बाहेर रुपरावजींनी माझा हात धरला. "भाऊ, तुमी तं प्रार्थना केल्ती. मंग हे काहून झालं?" मी म्हटलं, मला काय माहीत.

धंतोलीत कोंबडा कुठला, आत्या. आरवला असता तर निदान रडू तरी आलं असतं. मी खाली जाऊन चहा प्यायलो.

आता डॉक्टर म्हणतात, नियमित गोळ्या घेऊनही असं झालं म्हणजे ते औषध लागू पडत नाही. नवं, जास्त ताकदीचं सुरू करू. जुनं सुटलंय हे त्यांना माहीतच नाही. इंजेक्शनं चालू आहेत. बाई मधूनच डोळे उघडतात, पण ओळखत नाहीत. मी दोनदा डॉक्टरांच्या दारापर्यंत गेलो. बाहेर रुपरावजी बसलेले असतात. त्यांच्यासमोर कसं सांगू, की मला ठाऊक होतं? मधुकररावांचा फोन आला होता. म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, तू तोंड उघडू नको. देवाची परीक्षा असते."

आत्या, मला फार भीती वाटते. बाई मरतील याची वाटते, आणि खरं सांगतो, बाई शुद्धीवर येऊन बोलतील याचीही वाटते.

पियुष

---

पुलगाव
१३ एप्रिल २०२५, झावळ्यांचा रविवार

पियुष,

गोविंदाला पहिल्या गाडीनं पाठवते आहे. त्याला यातलं काही ठाऊक नाही. एवढंच सांगितलं आहे, की हे पत्र वाचून तू डॉक्टरांच्या खोलीत जाईपर्यंत तुझ्यासमोरून हलायचं नाही. तो संध्याकाळी "हो" घेऊन परत आला नाही, तर उद्या मी येते आणि डॉक्टरांना स्वतः सांगते. मला ऐकू येत नसलं तरी बोलता येतं.

शेकोटीपाशी पेत्र रडला आणि सुधारला, इथवर तू उपदेश करतोस. पुढचं वाचत नाहीस. तोच पेत्र पुढे हजारोंसमोर बोलला, तुरुंगात गेला, आणि एवढं सगळं झाल्यावर पुन्हा घाबरला! अंत्युखिया शहरात परजातीच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या भावांबरोबर जेवत होता. आपली चार मोठी माणसं आली तसा ताटावरून उठला. लोक काय म्हणतील म्हणून. प्रेषित पौलानं त्याला सगळ्यांदेखत, तोंडावर सुनावलं. पेत्रानं ते मुकाट्यानं ऐकलं असावं, कारण पुढे त्याच पौलाला तो प्रिय बंधू म्हणतो. मला त्याच्यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. त्याची भीती काही गेली नाही रे, पण तोंडावर सांगितलेलं त्याला ऐकता यायला लागलं.

तर आता तू ऐक. तू प्रभूला नाकारलं नाहीस, तेवढी तुझी ऐपत नाही. तू एका आजारी बाईला नाकारलंस. पण तिला नाकारून प्रभूकडे जायला दुसरा रस्ता नाही.

आजकाल आपल्या मंडळ्यांना बरं झालेलं माणूस हवं असतं, आजारी नको असतं. साक्षीला टाळ्या पडतात आणि नंतर त्या माणसाकडे कोणी ढुंकून पाहत नाही. मीही तो मोबाइल पाहून रडले आणि एका ओळीत गोळीचं विचारून गप्प बसले. तेव्हाच यायला हवं होतं.

ऊठ. रुपरावजी बसले असतील तर त्यांच्यासमोर सांग.

सिंधूआत्या

---

वाडी
२१ एप्रिल २०२५

प्रिय आत्या,
सलाम.

गोविंदानं "हो" पोचवलंच. पुढचं सगळं सांगतो. सहायक पाळकाचं आता कोणी बोलत नाही, ते आधीच लिहून टाकतो.

त्या दिवशी गोविंदा खरोखरच समोर उभा राहिला. मी डॉक्टरांकडे गेलो, दार उघडं ठेवून सांगितलं, रुपरावजींना ऐकू जाईल असं. डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हे परवा कळलं असतं तर बाईंचा त्रास वाचला असता." आणि लगेच औषध बदलून जुनंच सुरू केलं. मी वळलो तर रुपरावजी दारात. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, तुमाले माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांनी माझ्या हातचा चहाही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना शुद्ध आली. जीभ चावली गेली होती, बोलणं जड. गुरुवारी घरी सोडलं. मला वाटलं, संपलं. पण संध्याकाळी मिनल धावत आली. बाई गोळी घेत नव्हत्या. रुपरावजी हात जोडून विनवत होते, आणि त्या तोंड घट्ट मिटून बसल्या होत्या.

मी गेलो. म्हटलं, मावशी, माझं चुकलं. गोळी घेणं म्हणजे नाकारणं नाही. मी तसं शिकवायला नको होतं. खा.

त्यांनी तोंड उघडलं ते बोलायला. "इथं काहून सांगून राहिला? चार लोकायत उभं केलं होतं मले. तवा माईकवर बोलला, आता कानात बोलून राहिला. मले कसं समजन का खरं कोणतं हाय?"

मी म्हटलं, रविवारी सांगतो, पण तोवर खा. त्या म्हणाल्या, "तू सांगशीन तवा खाईन." डॉक्टरांनी एकही गोळी चुकवू नका म्हणून बजावलं होतं. रुपरावजींनी पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून पाहिलं. त्या नजरेत शिवी असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी त्यांना पुन्हा दवाखान्यात नेऊन इंजेक्शन देऊन आणलं. दुपारी शुभ शुक्रवारची उपासना. रविवारपर्यंत कोण थांबणार म्हणून मी मधुकररावांना म्हटलं, आज मला दोन मिनिटं द्या. ते म्हणाले, "आज प्रभूच्या मरणाचा दिवस आहे, तुझ्या भानगडीचा नाही." मिनल बाजूला होती. ती म्हणाली, "मग योग्यच दिवस आहे." आत्या, माझ्या बायकोला मी ओळखतच नव्हतो.

हॉल भरला होता. बायकांच्या बाजूला मागच्या सतरंजीवर प्रयागबाई, भिंतीला टेकून. रुपरावजी दारात, चपला हातात धरून, कधीही निघून जायच्या तयारीत. उपासना मध्यावर आली आणि मी उठलो. कोणी बोलावलं नव्हतं. माईक मागितला नाही, मिळालाही नसता. समोरची खुर्ची धरली.

मी म्हटलं, प्रयागबाईंना अजून फिट येतात. त्या बऱ्या झालेल्या नाहीत. फिट थांबल्या होत्या तेव्हा त्या गोळ्या घेत होत्या आणि आपण प्रार्थनाही करत होतो. प्रभूनं कशातून काय केलं ते मला ठाऊक नाही, पण मी त्याचं सारं श्रेय माझ्या प्रार्थनेच्या नावावर चढवलं. माझ्या उपदेशामुळे त्यांनी गोळ्या सोडल्या. मला ते कळलं, तरी ईस्टर होऊ दे म्हणून मी गप्प बसलो. हॉस्पिटलात डॉक्टरांशी खोटं बोललो. मावशी मरता मरता वाचल्या.

पुढे बोलायचं बरंच ठरवलं होतं. मागून कोणीतरी "बसा खाली" म्हणालं. दोन घरं उठून गेली. एका म्हातारबुवांनी, "शत्रूच्या हातात कोलीत दिलंस," असं मोठ्यानं म्हटलं. मधुकरराव खाली पाहत होते. मी बसलो नाही, कारण खुर्ची सोडली असती तर पडलो असतो.

मग प्रयागबाई उठल्या. भिंतीला हात लावत लावत पुढे आल्या. मला वाटलं, आता या मला मारतील, आणि मारायलाच हव्यात. त्यांनी पदराची गाठ सोडली, गोळी काढली. व्यासपीठावर मधुकररावांचा पाण्याचा पेला झाकून ठेवलेला असतो. त्यावरचं झाकण काढलं, गोळी तोंडात टाकली आणि सगळ्यांदेखत पाणी प्यायल्या. पेला परत ठेवला. लोकांकडे वळल्या. जीभ अजून नीट वळत नव्हती.

"मले फिट येते," त्या म्हणाल्या. "मी गोळी खाल्ली. अन् मी येशूलेबी सोडलं नाही."

आपल्यात साक्ष झाली की कोणीतरी आमेन म्हणतं, तेव्हाच ती पुरी होते, तुला माहीतच आहे. त्या दिवशी कोणी म्हणेना. सगळे मधुकररावांकडे पाहत होते आणि मधुकरराव त्या पेल्याकडे. मी म्हणावं, तर माझ्या आमेनला आता किंमत कुठली. बाई तशाच उभ्या, लेकरू शाळेत उत्तर देऊन गुरुजींकडे बघतं तशा. मला वाटलं, ही शांतता यांना पुन्हा आजारी करणार.

आणि दारातून आवाज आला. रुपरावजींचा. जो माणूस कधी डोळे मिटून बसला नाही, ज्याचा आपल्या मंडळीशी बायकोपुरताच संबंध, त्यानं हातातल्या चपला खाली ठेवल्या आणि जरा चुकतमाकत, "आमेन" म्हटलं.

तुझा
पियुष